फाट्याचा आकडा

उभा रस्ता सम, आडवा विषम.
उभ्यांची मोजणी पूर्वेकडून मावळतीला,
आडव्यांची वरून खाली.
म्हणून आपल्या इंदूरला बावन्न उभा
आणि सत्तेचाळीस आडवा.
इथवर सोपं आहे, शाळेतल्या आलेखासारखं.
घोळ होतो तो फाट्यापाशी.

फाट्याला स्वतःचा आकडा नसतो.
मूळ रस्त्याचा आकडा शेवटी घ्यायचा,
पुढे एक सुटा अंक लावायचा:
एकशे सत्तेचाळीस, तीनशे सत्तेचाळीस.
त्यानंही भागेना तर मागे अक्षर.
एक अक्षर पुरेना तर दोन.

आमच्या ऑफिसातही हीच रीत.
तिथं आधीपासून एक मुंगी होते, ड्रॉइंग शाखेत.
मी नऊ वर्षांनी लागलो,
म्हणून हजेरीपटावर मुंगी-बी.
हेडक्लार्क रेवडीकरबाई रोज सकाळी म्हणायच्या,
'चहा ओता. मुंगी बी आली.'

बैतूलचा रस्ता तेव्हा एकोणसाठ-ए.
गेंदालाल पेंटर, मी, आणि तेल गळणारी जीप.
कन्नौद, खातेगाव, नेमावर.
दगडाची टोपी पिवळी, पोट पांढरं,
त्यावर काळा आकडा.
आकडे तो बसून काढायचा,
'ए' मात्र उभं राहून, वाकून,
मात्रा अशी ओढायचा
की वाटावं मागून कुणी हाक मारतंय:
एकोणसाठ, ए!
थांब की जरा.

रस्ता कसला थांबतोय.
नर्मदा ओलांडून तसाच हरद्याकडे.

मग दिल्लीहून नवी यादी आली.
अहमदाबादकडून येणारा एकोणसाठ
आणि त्याचा हा 'ए'
दोघेही एकाच आकड्यात गेले, सत्तेचाळीस.
काल फाटा होता, आज मूळ रस्ता.
खड्डे तेच.
कन्नौदच्या कचोरीवाल्याला कळलंसुद्धा नाही.
गेंदालालनं 'ए'वर पांढऱ्याचा एक हात मारला.
मी म्हटलं, अजून एक मार.
म्हणाला, वाळला की दिसणार नाही साहेब.
दिवाळीनंतर गेलो,
दिसत होता.

त्याच सुमारास मोठे मुंगी निवृत्त झाले.
नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
माझं अक्षर काढायची ऑर्डर मात्र निघाली नाही.
पगारपत्रकावर ते शेवटपर्यंत राहिलं.
अख्ख्या ऑफिसात एकटाच मुंगी,
तरी बी.

खंडवा रोड त्या काळात हिरव्या टोप्यांचा, राज्याचा.
पुढे तोही केंद्राकडे गेला,
टोप्या पिवळ्या झाल्या,
आणि नाव आलं तीनशे सत्तेचाळीस-बीजी.
गेंदालाल गेला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.
त्याचा मुलगा भंवरकुआंला मशीनवर अक्षरं कापतो.
त्याचा फोन आला:
'काका, हे बीजी काय आहे?
रस्ता बिझी आहे असं लिहायचं का?'
मी म्हटलं, आहे तसंच काप.
खानदान एवढं वाढलंय
की एका अक्षरात मावत नाही.
तो जरा वेळ गप्प.
मशीनचा आवाज येत होता.
म्हणाला, 'पप्पांच्या वेळी नुसतं ए होतं.
आता जी लावतात.'

सिमरोलच्या उतारावर एक जुना दगड आहे,
बाभळीमागे, कुणाच्या लक्षात न राहिलेला.
ट्रकनं कोपरा उडवलाय.
तिथं पिवळ्याखाली हिरवं दिसतं,
हिरव्याखाली आणखी काहीतरी,
चुना असेल.
मी नखानं खरवडून पाहिलं नाही.
हल्ली वाकवत नाही.

तेजाजी नगरच्या चौकात
कंडक्टर आजही आकडा घेत नाही.
पत्रा बडवत ओरडतो:
सिमरोल, बलवाडा, बडवाह, खंडवा!
परवा मी पानाचे पैसे देत होतो तेवढ्यात बस हलली.
पिशवी वर धरून मागून हाक मारली,
ए!

थांबली.